आवाळू

बस इल्मो. नको, बूट राहू देत, लगेच शेडमध्ये जायचंय.
आधी हे हातात घे.
बर्चच्या अंगावरचं आवाळू. मेलं केवढं जड!
झाडाला काय झालं होतं, कुणी सांगू शकत नाही:
हिवानं चावा घेतला, कीड लागली,
की नुसतंच एका जागी वाढत राहावंसं वाटलं.

साल आत्ताच निघेल. मेअखेर आहे, रस चढलाय,
तळ्यावरचा बर्फ फुटून दहा दिवस झाले.
जुलैपर्यंत थांबलास तर नखं तुटतील.
पाचर घाल, पिरगाळ, ओढ.
बघ, कात टाकावी तशी सुटली.
आता तारेच्या ब्रशनं फटी घास.
सालीत वाळू लपते, आणि वाळूचा एक कण
अख्ख्या पटाशीची धार खातो.

मग लोहचुंबक फिरव. हसू नकोस.
हे झाड अंगणातलं.
लेम्पीनं, माझ्या सासूनं, कपड्यांच्या दोरीसाठी
कुठे खिळा ठोकला होता ते तिलाच ठाऊक,
आणि ती गेली बासष्ट साली.
इथे. टिक् झालं ना?
इतकी वर्षं या गाठीनं तो पोटात घातलाय,
अवाक्षर न काढता.
तेवढा तुकडा करवतीनं सोडून दे.
भोवती निळसर काळं पडलं असेल. ते असू दे.

करवत कुठून चालवायची ते मला विचारू नकोस.
सरळ लाकडाला नस असते, तिच्या कलानं घेतलं की झालं.
याला नस नाही. याचा प्रत्येक धागा
वाटेत दुसरा भेटला की वळलाय.
ओल्या फडक्यानं पूस, डोळे दिसतील,
बारीक, तपकिरी. जिकडे डोळे जास्त
ती भांड्याची बाहेरची बाजू.
एन्सिओ असंच म्हणायचा
आणि करायचा उलट.

आता सौनाचा हंडा.
मूठभर मीठ. माझी मूठ, तुझी नाही.
सकाळपासून संध्याकाळपर्यंत उकळू दे,
पाणी कोऱ्या चहासारखं होईस्तोवर.
विस्तव विझला म्हणून लगेच बाहेर काढायचं नाही,
त्याच पाण्यात रात्रभर निवू दे.
मी एकदा काढलं होतं. टाम्पेरेचं गिऱ्हाईक यायचं होतं.
टेबलावर ठेवलं आणि
बंदूक उडाल्यासारखा आवाज. कुत्रा दोन दिवस
घरात आला नाही.

मग कागदी पिशवीत, भुशात,
उत्तरेच्या भिंतीला. स्टोव्हजवळ ठेवलंस
तर गाठ माझ्याशी आहे.

दर महिन्याच्या एक तारखेला वजन कर.
ही वही. डावीकडे तारीख, उजवीकडे ग्रॅम.
आधी पाणी भराभर जातं,
नंतर मन बदलल्यासारखं, हळू.
ओळीनं दोन महिने आकडा हलला नाही
की समज, लेथवर चढायला तयार.
दोन वर्षं धर. तीन.

मागून उघडू नकोस.
बरं, उघडलीस.
हो, तीच पेन्सिल. ते किलो आहेत, लाकडाचे नव्हेत.
एकोणसत्तर. सहासष्ट. साडेएकसष्ट.
नर्स बुधवारी यायची, मी लिहून ठेवायचे.
सवय, दुसरं काय.
वाटायचं, कुठेतरी
दोन आकडे सारखे येतील.

पान उलट.
उकळल्यावरचं वजन वेगळं लिहायचं, पण आजचंही असू दे.
काटा तू वाच, मला चष्म्यातूनही
तीन आणि आठ एकच दिसतात.
पाच किलो तीनशे? नक्की? आठशे तर नाही?
पुन्हा ठेव.
आज आकडा चुकला
तर तीन वर्षांनी विचारशील कुणाला.